वेबमागचं तंत्र – भाग ९ : राफेल, दोन ब्राउझरांमधला दुभाष्या

गेल्या आठवड्यात आपण कॅनव्हासवर चित्र काढलं. तिथली एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. वर्तुळ काढून झालं की ब्राउझरला त्याची काही आठवण राहत नाही, मागे उरतात ते नुसते रंगीत पिक्सेल. क्लिक वर्तुळाच्या आत पडलं की बाहेर, याचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो. आज पाहू ती व्हेक्टर चित्रं, म्हणजे आकड्यांनी सांगितलेली रेषाचित्रं.

उदाहरण घेऊ महाराष्ट्राच्या नकाशाचं. जिल्हे ३६. माउस नेला की त्या जिल्ह्याचा रंग बदलावा, क्लिक केलं की बाजूला माहिती दिसावी. साधी जेपेग लावली तर नकाशा मोठा करताच ‘फाटतो’, आणि ब्राउझरच्या लेखी तर तिथं जिल्हे नसतातच. एसव्हीजी या व्हेक्टर प्रकारात मात्र प्रत्येक जिल्हा हा पानावरचा स्वतंत्र घटक असतो. त्याला नाव देता येतं, रंग देता येतो, त्याच्यावर क्लिक पकडता येतं.

जिल्ह्याची सीमा लिहितात ‘पाथ’ने. एक साधा पाथ पाहा : एम १०,१०, एल ९०,१०, एल ५०,८०, झेड. ‘एम’ म्हणजे पेन उचलून इथं ठेव, ‘एल’ म्हणजे इथपर्यंत सरळ रेघ ओढ, ‘झेड’ म्हणजे सुरुवातीच्या बिंदूला जाऊन आकृती बंद कर. झाला त्रिकोण. पण त्याचं टोक खाली येईल, कारण पडद्यावर शून्य असतं डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि उभे आकडे खाली जाताना वाढतात. शाळेतल्या आलेखाची सवय असलेले इथं हमखास गोंधळतात.

एसव्हीजीला डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली सप्टेंबर २००१ मध्ये. तरी पुढची कित्येक वर्षं ते वापरायला लोक धजावत नव्हते. मायक्रोसॉफ्टनं १९९८ मध्ये काही कंपन्यांसह व्हीएमएल नावाचा स्वतःचा प्रकार पुढे केला होता आणि १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये तो बसवलाही होता. एसव्हीजी त्या ब्राउझरमध्ये आलं थेट २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत. मधल्या काळात फायरफॉक्स, सफारी आणि ऑपेरा एसव्हीजी शिकले, पण सर्वाधिक वापरातला ब्राउझर व्हीएमएलवरच अडून बसला. एकच नकाशा दोनदा लिहायचा, नाहीतर फ्लॅशच्या वाटेला जायचं, एवढेच पर्याय होते.

ही कोंडी २००८ मध्ये दिमित्री बारानोव्स्की यांच्या ‘राफेल’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीनं फोडली. तिचं काम दुभाष्याचं. पानावरच्या एका चौकटीचं नाव, रुंदी आणि उंची सांगितली की राफेल एक ‘पेपर’ हातात देतं. त्या पेपरला ‘सर्कल’ म्हणून तीन आकडे द्यायचे : डावीकडून अंतर, वरून अंतर आणि त्रिज्या. ब्राउझरला एसव्हीजी येतं का, हे राफेल आधीच तपासून ठेवतं. येत असेल तर त्यात वर्तुळ लिहितं, नसेल तर व्हीएमएलमध्ये. आपला कोड मात्र तोच.

हे भाषांतर वाटतं तितकं सोपं नव्हतं. व्हीएमएलच्या पाथला अपूर्णांक चालत नाहीत. म्हणून राफेल प्रत्येक आकड्याला २१६०० नं गुणतं, मग पूर्णांक करतं आणि चित्राची मोजपट्टीही तेवढ्याच पटीत बारीक करतं. त्यामुळे अर्ध्या पिक्सेलचा फरकही टिकतो. एसव्हीजीतला वर्तुळाचा कंस व्हीएमएलमध्ये तसाच्या तसा उतरत नाही, म्हणून राफेल आधी त्याचे बेझिए वक्र करून घेतं.

आता पुन्हा नकाशाकडे. ३६ पाथ पेपरवर ठेवले, प्रत्येकाला ‘होव्हर’ आणि ‘क्लिक’ जोडलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं सीमांचं. मोजणीच्या नकाशातून आलेल्या एकेका जिल्ह्याच्या सीमेत हजारो बिंदू असू शकतात आणि तेवढ्या बोज्यानं पान जड होतं. बिंदू कमी करायला डग्लस आणि पॉयकर यांची १९७३ ची पद्धत आजही वापरतात : ज्या बिंदूंमुळे रेघ फारशी वळत नाही ते गाळायचे. मात्र प्रत्येक जिल्हा सुटा घेऊन ही छाटणी केली तर पुणे आणि सातारा यांच्या मधली सीमा दोन्हीकडून वेगवेगळी कापली जाण्याचा धोका असतो, आणि मग नकाशात फटी दिसतात. सामाईक सीमा एकदाच साठवणारा टोपोजेसन हा प्रकार अशा वेळी उपयोगी पडतो.

जिल्ह्यांची नावं मराठीत लिहिणार असाल तर आणखी एक खबरदारी घ्या. राफेलमध्ये अक्षरं लिहायचे दोन मार्ग आहेत. ‘टेक्स्ट’ हे काम ब्राउझरवर सोपवतं. ‘प्रिंट’ मात्र फॉन्टमधून एकेक आकार उचलून ओळीनं मांडत जातं. इंग्रजीला ते चालून जातं, देवनागरीला नाही. युनिकोडमध्ये ‘हि’ची वेलांटी ‘ह’नंतर साठवलेली असते, ‘प्रिंट’नं काढली तर ती ‘ह’च्या पुढे जाऊन बसेल. ‘हिंगोली’ आणि ‘सिंधुदुर्ग’ धड दिसायला हवे असतील तर ‘टेक्स्ट’च वापरा.

मग आज राफेल घ्यावं का? नव्या कामाला नको. जुन्या ब्राउझरांचं ओझं टाकून बारानोव्स्की यांनीच २०१३ मध्ये अडोबीसाठी स्नॅप डॉट एसव्हीजी ही फक्त एसव्हीजी जाणणारी लायब्ररी लिहिली. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधारही काढून घेतला. दोन भाषांपैकी एक उरलीच नाही, तर दुभाष्या कशाला? पाच-पन्नास आकृत्या असतील तर साधं एसव्हीजी आणि चार ओळी जावास्क्रिप्ट पुरे. आकडेवारीवरून आलेख किंवा नकाशे काढायचे असतील तर डी-थ्री घ्या. आकृत्या काही हजारांवर गेल्या तर मुकाट्यानं कॅनव्हासकडे परता, कारण एवढे घटक सांभाळताना एसव्हीजीचा वेग मंदावतो.

कुठलीही लायब्ररी उचलण्याआधी ती कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून जन्मली, हे पाहा. ती अडचण आज तुमच्यापुढे नसेल, तर लायब्ररीचंही ओझं नको. जुन्या साइटवर राफेल बिनतक्रार चालत असेल, तर उगाच काढू नका, पुढच्या दुरुस्तीत बदला. पुढच्या आठवड्यात आपण डी-थ्रीनं तालुकावार पावसाचा आलेख काढू. तोवर वरच्या त्रिकोणाचं टोक वर करून पाहा, फक्त तीन उभे आकडे बदलायचे आहेत.