ओट्याआधी भिंत

रमजान तोंडावर आला की घराघरांत साफसफाई आणि रंगरंगोटी सुरू होते. लोहाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरातही यंदा स्वयंपाकघर नवे करायचे ठरले. ओट्याला कडप्पा, भिंतीला फरशी, भांड्यांसाठी फळ्या. मजुरी वाचावी म्हणून उखडणे, घासणे, रंगवणे सगळे घरच्यांनीच करायचे होते. भिशीचे पैसे त्यासाठीच राखून ठेवले होते.

पहिल्याच दिवशी मोरीलगतचा गिलावा खरवडायला घेतला, तर ढेपच खाली आली. आतली माती ओली होती. मोरीचा पाइप सांध्यातून किती वर्षे झिरपत होता कोण जाणे! पाइप बदलला. मग फडताळ सरकवले, तेव्हा दिसले की त्यामागे भिंतीने पोट काढले आहे.

ओळखीच्या गवंडीमामांना बोलावले. त्यांनी एक दगड सैल करून आत बघायला लावले. म्हणाले, "भाभी, ही एक भिंत न्हाई, दोन हायत. मधी नुसती माती अन् चिपा. दोघींना धरून ठेवणारा आरपार दगडच न्हाई."

आपल्या भागाला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारी, आपल्या तालुक्यातले सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर हादऱ्याने एकमेकांपासून सुटले आणि वरून मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर आले. आमचे घर वाचले. भेगा लिंपल्या, चुना दिला आणि विसरलो.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पहाटे चार म्हणजे रमजानमध्ये सहरीसाठी उठायची वेळ. त्या वेळी आम्ही सगळे याच भिंतीला टेकून जेवतो.

सकाळी कडप्पा रद्द झाला. लेक रुसली, "ईदला मैत्रिणी येतील, त्यांना काय दाखवू?" अम्मी म्हणाल्या, "ईदला घरात माणसं सुखरूप असू दे बेटा. फरशी पुढच्या वर्षी."

इथे मात्र घरचे हात मागे घेतले आणि इंजिनिअरला दाखवूनच काम सुरू केले. आधी छताला टेकू दिले. मग भिंतीत साधारण एक-एक मीटरवर, एका रेषेत न येतील अशी, आरपार भोके पाडली. घण घालायचा नाही. सळईने माती सैल करून दगड हळूच ओढायचा. भोकात दोन्ही टोके वाकवलेली 8 मिमीची सळई ठेवून काँक्रीट भरले आणि दहा दिवस पाणी मारले. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकत गेल्याने थर फार जाड झाला होता. जादा माती उतरवून छताचे ओझे कमी केले.

पैसे तिथेच संपले. फळ्या जुन्या पाटांच्या केल्या आणि ओटा घासून तोच ठेवला. पहिली सहरी त्याच ओट्यावर शिजली.

तुमचेही घर जुने, दगड-मातीचे असेल तर रंगाचा डबा आणण्याआधी एवढे करा. फडताळे, कणग्या सरकवून भिंत पाहा. फुगवटा, कोपऱ्यातली उभी भेग, तुळईखालची तडा, मोरीजवळची ओल यांपैकी काही दिसले तर त्यावर गिलावा करू नका. आधी पाणी थांबवा, मग जाणकाराला दाखवा. भिंतीला स्वतः घण लावू नका. आणि ठरवलेल्या खर्चातला काही भाग उघडून पाहिल्यावर निघणाऱ्या कामासाठी बाजूला ठेवा. जुन्या घरात ते निघतेच.

दिखाव्यासाठी केलेल्या खर्चाला आपण इस्राफ म्हणतो. घर आणि घरातली माणसे ही तर अल्लाहने दिलेली अमानत आहे. पाहुण्यांना न दिसणारी ही डागडुजी त्या अमानतीसाठीच झाली. फरशी इन्शाअल्लाह पुढच्या रमजानला.