टर्बो गेला नाही, हवा गेली

जुन्या डिझेल गाडीचा पिकअप कमी झाला, मागून काळा धूर निघू लागला, की बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार असतं: "साहेब, टर्बो गेलाय." सोसायटीतले काका मान डोलावतात, मेहुणा दुजोरा देतो. पाच आकडी बिल होतं, नवा टर्बो बसतो आणि गाडी खंबाटकीचा घाट पूर्वीसारखीच रडत चढते. मग दुसरं निदान येतं: "डुप्लिकेट पार्ट असणार."

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल, म्हणजेच डिझेलच्या मानाने हवा कमी. एवढंच तो धूर सांगतो. हवा नेमकी कुठे अडली किंवा कुठून निसटली, हे त्याला विचारून उपयोग नाही. हवेची वाट लांब आहे: फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर, टर्बो, रबरी होज, इंटरकूलर, पुन्हा होज, आणि मग इंजिन. शिवाय ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला, तर ताज्या हवेच्या जागी जळका धूरच परत आत जातो. एवढ्या सगळ्या संशयितांमधून पहिली अटक टर्बोचीच का होते? तो सगळ्यात महाग आहे, याखेरीज मला तरी कारण सुचत नाही.

उदाहरणाला फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन घेऊ, कारण एके काळी मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्याही बॉनेटखाली तेच होतं. स्विफ्ट डिझेल २००७ साली आली ती याच इंजिनावर. ७५ अश्वशक्तीच्या अवतारात साधा टर्बो आहे: दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वेस्टगेट नावाची झडप उघडून जादा धूर बाजूने सोडून देते. ९० अश्वशक्तीच्या अवतारात व्हेरिएबल टर्बो, म्हणजे आतल्या छोट्या पात्या वळवून दाब कमीजास्त करणारा. त्या पात्या हलवायचं काम व्हॅक्युमवर चालतं आणि व्हॅक्युम येतं बारीक रबरी नळ्यांमधून. दहा-बारा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेली ती नळी चिरली, की पात्या हलत नाहीत आणि गाडी उचलत नाही. नळी किरकोळ पैशांची. बदलला जातो टर्बो.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "स्कॅनरवरच आलंय ना!" येतो तो बहुधा पी ०२९९ हा कोड. ओबीडी म्हणजे गाडीच्या स्वनिदान यंत्रणेच्या प्रमाणित यादीत त्याचा अर्थ 'अंडरबूस्ट' असा आहे: मागितला तेवढा दाब मिळाला नाही. ही तक्रार झाली, त्यात आरोपीचं नाव नाही. होज फाटला तरी हाच कोड, वेस्टगेट अडकलं तरी हाच, आणि टर्बो खरोखर मेला तरी हाच. पण गॅरेजात कोड वाचला जातो आणि स्कॅनर लगेच पेटीत जातो. त्याच स्कॅनरवर पुढे लाइव्ह डेटा असतो, तो बघायला कुणाला वेळ नसतो.

तो बघावा. आधी इंजिन बंद, फक्त चावी फिरवून मॅनिफोल्ड दाबाचा आकडा वाचायचा. इंजिन बंद असताना तिथे बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे: मुंबईत साधारण १,०१० मिलिबार, पुण्यात ९५०च्या आसपास, महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर ८६० च्या जवळपास. आकडा यापासून फारच लांब असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय. टर्बोला हात लावू नका. आकडा बरोबर असेल तर गाडी चढावर, वरच्या गिअरमध्ये दाबून चालवायची आणि मागितलेला दाब व मिळालेला दाब शेजारी ठेवून बघायचे. स्कॅनर दुसऱ्याने धरायचा, हे सांगायची वेळ येऊ नये. मिळालेला दाब सगळीकडेच मागे राहत असेल तर गळती, वेस्टगेट किंवा अडकलेल्या पात्या. आधी उसळी मारून मर्यादेबाहेर जाऊन मग कोसळत असेल, तर पात्या बंद बाजूला चिकटताहेत.

या चिकटणाऱ्या पात्यांवरून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पिकअप अचानक जातो, गाडी बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की परत येतो. हा लिम्प मोड: दाब मर्यादेबाहेर गेला म्हणून संगणकाने इंजिनाला घातलेली वेसण. मोडलेला टर्बो चावी फिरवल्याने बरा होत नाही. त्यामुळे ज्याची गाडी चावी फिरवल्यावर सुधारते, त्याने नवा टर्बो विकणाऱ्याला "मग तो चावीने बरा कसा होतो?" एवढं तरी विचारावं. काजळी बहुतेक वेळा टर्बो खोलून साफ करता येते.

गळती शोधायला तर स्कॅनरही लागत नाही. होजच्या जोडांवर, क्लॅम्पखाली, इंटरकूलरच्या कडेला तेलकट काळा ओघळ दिसतो का ते बघायचं. नसेल तर पाइपांत माफक दाबाने हवा भरून साबणाचं पाणी मारायचं, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसं.

इथे दुसरा गैरसमज लगेच उभा राहतो: "इंटरकूलरच्या पाइपात तेल आहे, म्हणजे टर्बोचं सील गेलं." इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ ब्रीदर पाइपातून टर्बोच्या तोंडाशीच आणून सोडलेली असते, त्यामुळे पाइपात तेलाचा पातळ थर असणारच. वाटीभर निघालं तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आठवावं, की टर्बोतलं सील रबरी नसतं, पिस्टन रिंगसारखी धातूची कडी असते. तेल खाली नेणारा पाइप तुंबला किंवा झिजलेल्या इंजिनात आतला दाब वाढला, तर कोरा करकरीत टर्बोही तेल ओकतो.

"शाफ्टला प्ले आहे" हा तिसरा. बहुतेक गाड्यांच्या टर्बोत शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. इंजिन बंद असताना त्यात दाब नसतो, त्यामुळे बोटाने हलवल्यावर आडवा किंचित हलणं स्वाभाविक आहे. चाक घराला घासत असेल किंवा शाफ्ट पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर मात्र तो गेला.

आणि कधी कधी तो खरोखर जातो. गॅरेट, बोर्गवॉर्नरसारख्या टर्बो बनवणाऱ्या कंपन्यांचं तांत्रिक साहित्य काढून बघा. कारणं तीच ती येतात: तेल कमी पोचणं, तेल घाण असणं, बाहेरचा कण आत जाणं, अति उष्णता. छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरू शकतो. तिथे तेल क्षणभर चुकलं तरी पुरे. म्हणून नवा बसवताना तेल आणणारा पाइप बदलायचा, परतीचा पाइप साफ करायचा, तेल आणि तेलाचा व हवेचा असे दोन्ही फिल्टर बदलायचे, इंटरकूलरमधले धातूचे तुकडे आणि तेल काढायचं, टर्बोच्या छिद्रात आधी तेल ओतायचं. हे टाळून बसवलेला नवा टर्बो जुन्याच कारणाने मरतो, आणि वॉरंटीवाले ते कारण उघडून दाखवतात.

बाकीचे गैरसमज झटपट. शिट्टी वाजते म्हणजे बिघाड: हलकी शिट्टी नेहमीचीच, सायरनसारखी वाढलेली तपासावी. दोन हजार आरपीएमखाली गाडी मरते: जुन्या स्विफ्टचा पूर्ण १९० न्यूटन मीटर टॉर्कच २,००० ला मिळतो, हा स्वभाव आहे. बंद करण्याआधी पाच मिनिटं आयडल: गल्लीबोळातून हळू आलात तर काहीच गरज नाही, घाट चढून थांबलात तर एखाद-दोन मिनिटं पुरे. हळू चालवली की टर्बो टिकतो: पात्यांवर काजळी साचते ती अशानेच. पूर्ण टर्बोऐवजी आतला फिरता गाभा, म्हणजे कोअर, बदलणं म्हणजे जुगाड: बॅलन्सिंग मशिनवर तपासलेला कोअर चांगला चालतो, न तपासलेला नाही. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबला असेल: हा सल्ला परदेशी व्हिडिओंतून येतो, २०२० च्या बीएस-६ आधीच्या आपल्या बहुतेक गाड्यांत डीपीएफ नसतोच.

शेवटचा गैरसमज मात्र जिवावर बेतणारा: चावी काढली की इंजिन बंद होतंच. टर्बोने तेल ओकायला सुरुवात केली तर डिझेल इंजिन ते तेलच जाळत स्वतःहून वेग घेत राहतं, आणि चावी फक्त डिझेल तोडते. मॅन्युअल गाडीत ब्रेक गच्च दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा. इंजिन दबून बंद पडतं. ऑटोमॅटिकमध्ये ही सोय नाही, तिथे हवेचं तोंड जाड फळीने बंद करावं लागतं, तेही तोंड सहज हाती लागत असेल तरच. नाहीतर माणसांना बाजूला घेऊन लांब उभं राहायचं. हवेच्या तोंडावर हाताचा पंजा कधीही ठेवायचा नाही.