मार्चअखेरची वसुली

सकाळी साडेसहाला नळाला पाणी सुटतं. वसुलीला निघायची खरी वेळ हीच, कारण तेव्हा घरोघर माणूस दारात सापडतो. व्हॉल्व्ह फिरवत पाणी सोडणारा कर्मचारी पुढं, आणि पावतीपुस्तक घेऊन मी मागं. साताऱ्याकडच्या आमच्या ग्रामपंचायतीत लिपिक मी एकटाच. आठनंतर कर्ती माणसं रानात जातात. मग घरी म्हातारी माणसंच भेटतात आणि त्यांच्याकडं पैसे मागवत नाहीत.

एका काकींनी आज पाणीपट्टीतले निम्मे पैसे दिले. पदराच्या गाठीतले, घामानं ओलसर झालेले. वर विचारलं, "अण्णा, दारापुढची गटार कधी काढणार?" पैसे मोजून देणाऱ्या माणसाचा हा प्रश्न हक्काचाच आहे. मी तो वहीत टिपून घेतला.

साडेनऊला कार्यालय उघडतं. नमुना नऊची मागणी नोंदवही पुढ्यात ओढायची, सकाळच्या पावत्या चढवायच्या. मागील बाकी, चालू मागणी, वसूल, शिल्लक असं सगळं तिथं दिसतं. वसूल करायला काय लागलं, ते कुठंच दिसत नाही. एका घराची पाणीपट्टी काही शे रुपये. त्यासाठी आधी बिल, मग ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 129 खालची मागणीची नोटीस, शिवाय दोन-तीन हेलपाटे, एखाद्या वर्षी लोकअदालतीचे कागद. त्यात माझा नि शिपायाचा गेलेला वेळ धरला, तर काही घरांच्या बाबतीत येणाऱ्या रुपयातला मोठा वाटा आणण्यातच खर्च होतो.

अकराला वरच्या वाडीवर गेलो. तिथलं एक घर दरवर्षी माझा अर्धा दिवस घेतं. नमुना आठच्या आकारणी नोंदवहीत नाव आजोबांचं, आणि आजोबा वारून कैक वर्षं झाली. तीन नातू. दोघं नवी मुंबईत माथाडी, एक गावात. गावातला म्हणतो, "माझ्या दोन खोल्यांचं आत्ता भरतो, पण पावती माझ्या नावानं फाडा." तशी ती फाडता येत नाही. नवी मुंबईतल्यांना फोन लावला, तर "घराला कुलूप आहे, भरायचं कशाचं?" यातला कुणीही करबुडवा नाही. नोंद चुकीची आहे, म्हणून पैसे अडलेत. कर आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं व्हायची असते. ती घराच्या उंबऱ्यावर जाऊन, मोजून, विचारून झाली पाहिजे. आमच्याकडं मागच्या खेपेला जुनी यादी समोर ठेवून नवी उतरवली गेली. तेव्हा वाचवलेले श्रम दर मार्चला पुन्हा मोजून द्यावे लागतात. वसुली महाग पडते ती इथं. लोकांच्या नियतीवर बोट ठेवण्याआधी आपली नोंदवही तपासावी, असं माझं ठाम मत आहे.

दोनला तालुक्याहून फोन आला : टक्केवारी किती? 2020 च्या शासन निर्णयानं कर्मचाऱ्यांच्या वेतनातला शासनाचा हिस्सा वसुलीच्या टक्केवारीशी जोडला, आणि ही अट काढा म्हणून संघटना भांडत आल्या. मला ती अट अन्यायाची वाटते. मोटर जळली नि आठवडाभर पाणी आलं नाही, तर लोक पट्टी देत नाहीत. त्याचा भार पाणी सोडणाऱ्याच्या पगारावर का पडावा?

चारला एक सदस्य स्वतःहून येऊन पूर्ण थकबाकी भरून गेले. मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम 14 नुसार सदस्य अपात्र ठरतो. अशा वसुलीला हेलपाटा लागत नाही.

पाचला रोकड जुळवली. क्यूआर कोडनं आलेली रक्कम थेट खात्यात जाते, तेवढं एक काम हलकं झालं. रोख भरायला मात्र उद्या बाजारगावच्या बँकेत जायचं, म्हणजे पुन्हा निम्मा दिवस.

मग ग्रामपंचायत अधिकारी असलेल्या भाऊसाहेबांबरोबर देणी काढायला बसलो. पंधराव्या वित्त आयोगाचे 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, उरलेल्या 40 टक्क्यांतून पगार भागवता येत नाहीत. गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे. ते ठेवायलाच हवेत. राहिलेल्यातून दिवाबत्ती, ब्लिचिंग पावडर, मोटरची दुरुस्ती. काकींची गटारही त्यातच बसवायची. भाऊसाहेबांनी आकडे पाहून तिला एप्रिलातला पहिला आठवडा दिला.

सातला वाडीवरच्या तिघा भावांसाठी वारसनोंदीचा अर्ज लिहून काढला आणि दोघांना फोनवर वाचून दाखवला. त्यांना मान्य आहे, पाडव्याला गावी आले की सह्या करणार आहेत. नंतर तो मासिक सभेपुढं ठेवायचा. त्याच वाडीत अशी आणखी घरं आहेत. मार्च सरला की त्यांची यादी करायला घेतो.