वाद्याची निगा आणि हातांची निगा

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. तेथील राजवाड्यात त्यांना दोन पियानो आढळले. दोन्ही नवे, परंतु एकही वाजण्याजोगा नव्हता. माळव्याच्या कोरड्या हवेने त्यांच्या चौकटी तडकल्या होत्या व पट्ट्या अडकून बसल्या होत्या. ही हकीकत १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली आहे.

जी हवा लाकडाला सोडीत नाही, ती वादकाच्या बोटांना कशी सोडील? धार-देवासच्या थंडीत हातांची कातडी फुटते, बोटे आखडतात. अशा वेळी कोमट तिळेल हातांना चोळण्याचा आपला जुना घरगुती उपाय पियानो किंवा पेटी वाजविणाऱ्यासही उपयोगी पडतो. मात्र तो समजून करावा.

बोटे वाकविणारे मोठे स्नायू बोटांत नसून मनगट व कोपर यांच्या दरम्यान असतात. म्हणून केवळ बोटे चोळून भागत नाही. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत हलक्या हाताने पाच-दहा मिनिटे मर्दन करावे. त्याने ऊब येते व ताठरपणा काही काळ कमी होतो. नंतर हात साबणाने स्वच्छ धुऊन, कोरडे करूनच वाद्यास स्पर्श करावा. तेलकट पट्टीवरून बोट घसरते व तिच्यावर मळ साचतो. सूज किंवा जखम असल्यास मर्दन करू नये.

तेलाने बोटांत कसब येत नाही. ते नित्याच्या सरावानेच येते. पण सरावालाही मर्यादा हवी. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी तरुणपणी बोटांना बळ यावे म्हणून एक यांत्रिक साधन वापरले होते. १८३२ च्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताचे बोट अधू झाले आणि पियानोवादक होण्याची त्यांची आशा मावळली.

आईबापहो, दिवसभर शेतात राबून आलेला आपला मुलगा किंवा मुलगी सायंकाळी देवळात पेटीवर बसते. तिने ‘हात दुखतो’ म्हटले, तर तो आळस समजून तिला दटावू नका. त्या दिवशी तिला विसावा द्या. दुखणे वा मुंग्या थांबल्या नाहीत, तर तेलावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवा. तडकलेल्या पियानोच्या जागी दुसरा आणता येईल. अधू झालेल्या हाताच्या जागी दुसरा हात मिळत नाही.