घरचा स्वस्त इंकजेट आणि आजीचा खरा रंग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा सायन स्टेशनच्या गर्दीत ज्यांना इयरफोन खिशात टाकावे लागतात, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. रेकॉर्डिंगच्या मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, त्या इथे कापल्यात.

विषय प्रिंटरचा आहे, पण सुरुवात आजीपासून करतो. आजी गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. माझ्या फोनमध्ये गणपतीतला एक छान होता, हिरवं लुगडं नेसलेला. एका स्टुडिओत दिला. मोठा होऊन आला तेव्हा आत्या बघतच राहिली. म्हणाली, "अरे, ही कोण?" आजी चांगली सावळी होती, आणि फोटोतली बाई गोरीपान. न विचारता चेहरा उजळवलेला. परत गेलो तर उत्तर मिळालं, "सगळ्यांना असंच आवडतं."

घरी चार रंगांचा साधा इंक टँक प्रिंटर होता, आधार कार्डाच्या कॉप्या काढायला घेतलेला. म्हटलं, आपणच छापू. पहिली प्रिंट आली. आजी गोरी नव्हती, पण बिटासारखी लालसर झाली होती!

आता, मशीनने माणसाचा रंग चुकवणं ही जुनी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक फोटो लॅबना एक नमुना कार्ड पाठवायचं. त्यावर एका गोऱ्या मॉडेलचा फोटो असायचा. तिची त्वचा बरोबर छापली गेली की मशीन बरोबर. या कार्डांना 'शर्ली कार्ड' म्हणत. सावळ्या माणसांचे फोटो कसे येतात, हे त्यात कुणी तपासतच नव्हतं. म्हणजे कॅलिब्रेशन करताना पहिला प्रश्न हा, की बरोबर कशाला म्हणायचं? माझ्यासाठी उत्तर सोपं होतं. आत्याने बघून "ही आई" म्हटलं पाहिजे.

कोड लिहिताना आपण जे करतो तेच इथे करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी हार्डवेअर बघा.

प्रिंटर नवीन असेल तर टाकीत शाई भरल्यावर तो बराच वेळ घुरघुरतो. नळ्यांमधून शाई हेडपर्यंत खेचत असतो. तेव्हा मध्येच बंद करू नका. आणि एक सवय आत्ताच सोडा, भिंतीवरच्या बटणाने प्रिंटर बंद करण्याची. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. थेट वीज तोडली की कधीकधी ते उघडंच राहतं आणि शाई सुकते. आमच्याकडे बाबा रोज रात्री इमानदारीत सगळे स्विच बंद करायचे. माझ्या लाल आजीचं अर्धं कारण तिथेच होतं.

कारण नॉझल चेक काढला तर निळसर सायन रंगाच्या रेषा मधेमधे तुटलेल्या. कागदावर त्वचा होते ती मुख्यतः मॅजेन्टा आणि पिवळ्याने. त्यांना आवर घालतो सायन. तोच कमी पडला की माणूस लाल दिसणारच. मेनूतून एकदा हेड क्लीनिंग केलं, पुन्हा चेक काढला, थोडं सुधारलं. दुसऱ्यांदा केल्यावर रेषा पूर्ण आल्या. मात्र हे पाच-सहा वेळा करत सुटू नका. प्रत्येक वेळी चांगली शाई आतल्या स्पंजात वाया जाते. दोन-तीनदा करून फरक नाही पडला तर प्रिंटर रात्रभर बंद ठेवून सकाळी बघा. नंतर आठवड्यातून एक छोटी रंगीत प्रिंट काढत राहिलात तर ही वेळच येत नाही.

मग हेड अलाइनमेंट. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तिथली देवादिकांची चित्रं दगडावरून छापली जायची, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एक दगड जरा सरकला की लक्ष्मीच्या साडीचा रंग काठाबाहेर. आपल्या प्रिंटरमध्ये दगड नाहीत, पण अडचण तीच आहे. प्रत्येक रंगाचा थेंब ठरलेल्या जागी पडायला हवा. प्रिंटर नमुने छापतो, त्यातला सगळ्यात सलग दिसणारा निवडायचा. पाच मिनिटांचं काम.

यानंतर लाली गेली, पण आजी आता काळपट, चिखलात भिजल्यासारखी. इथे चूक माझी होती. कागद ग्लॉसी, आणि सेटिंग 'प्लेन पेपर'. ते सेटिंग नुसतं नाव नाही. किती शाई सोडायची आणि रंग कसे मिसळायचे, हे ड्रायव्हर त्यावरूनच ठरवतो. त्यामुळे कागद बदलला की सगळं पुन्हा तपासायचं. एकाच प्रकारचा कागद धरून ठेवा. पावसाळ्यात आमच्या शीवमध्ये खिडकीशी ठेवलेला कागद दोन दिवसांत वळतो, म्हणून उरलेला झिपच्या पिशवीत, बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो.

दुसरी नेहमीची गडबड म्हणजे दोघांनी रंग सुधारणं. फोटोचं सॉफ्टवेअर प्रोफाइल लावून रंग बदलतं, वर प्रिंटरचा ड्रायव्हरही बदलतो. दोन वेळा मीठ घातलेली आमटी. एकालाच काम द्या. स्वस्त प्रिंटर असेल, आणि त्या कागदासाठी कंपनीने दिलेलं प्रोफाइल हाताशी नसेल, तर ड्रायव्हरलाच करू द्या, आणि फोटो एसआरजीबीमध्ये सेव्ह करा. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये आणलेलं हे मानक साध्या प्रिंटरलाही कळतं. शक्यतो लॅपटॉपवरून छापा. फोनच्या प्रिंट मेनूत बहुतेक वेळा रंगाचे हे पर्याय दिसतच नाहीत.

प्रिंट अजूनही गडद वाटतेय? मग स्क्रीन बघा. फोन स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो. नाइट मोड बंद करा, 'व्हिविड'ऐवजी 'नॅचरल' घ्या, आणि ब्राइटनेस इतका उतरवा की शेजारी धरलेला कोरा कागद आणि पांढरी स्क्रीन साधारण सारखे दिसतील. मी हे केल्यावर लक्षात आलं, फोटो मुळातच अंधारा होता. पूर्ण ब्राइटनेसवर कळलंच नव्हतं.

शेवटचा बारीक फरक काढायला मशीन मिळतं, पण कागदावरचे रंग मोजणारं चांगलं यंत्र आपल्या प्रिंटरच्या कितीतरी पट महाग. त्याऐवजी डार्करूमवाल्यांची जुनी युक्ती वापरा. एका कागदावर तोच चेहरा नऊ वेळा, छोटा छोटा. मधला जसाच्या तसा, बाकीच्यांत थोडा सायन जास्त, थोडा मॅजेन्टा कमी, थोडा उजळ, असं. खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाची पट्टी. चेहऱ्याबाबत डोळा फसतो, पण करडा रंग गुलाबी झाला तर लगेच दिसतं. जो चेहरा पटेल त्याचे आकडे लिहून ठेवा.

पण निवड लगेच करू नका. शाई सुकताना रंग बदलतो, मी एक रात्र थांबलो. आणि ट्यूबलाइटखाली बघू नका. एकाच प्रिंटचा रंग ट्यूबखाली वेगळा आणि दिवसा वेगळा दिसतो. सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात बघा. फोटो जिथे लागणार तिथेही एकदा धरून बघा.

मी तो नऊ चेहऱ्यांचा कागद आत्याला दिला, कुठला कसा केलाय ते न सांगता. तिने चष्मा लावला, गॅलरीत गेली. मला वाटलं होतं मधल्या रांगेतला उजळ निवडेल. तिने खालच्या रांगेतला, मॅजेन्टा थोडा कमी केलेला, सगळ्यात सावळा चेहरा दाखवला. "ही आई. उन्हातून बाजार करून आली की अशी दिसायची."

तोच ए-फोर आकारात छापला. स्टुडिओवाली फ्रेम चांगली होती, ती वापरली.