तद्विद्यसंभाषेचा वारसा आणि आपण

धामणगाव रेल्वे हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील, बडनेरा आणि वर्धा यांच्या दरम्यानचे कापसाच्या बाजाराचे गाव. येथील आम्ही काही वैद्य अधूनमधून सायंकाळी दवाखाने आटोपल्यावर एकत्र बसतो. रुग्णानुभव सांगावेत, एखाद्या अध्यायाचे वाचन करावे, चहा घ्यावा आणि उठावे, असा आमचा क्रम. अशाच एका बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने प्रस्ताव मांडला. आपण सारे जे रसकल्प व भस्मे वापरतो, त्यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावेत आणि निष्कर्ष अनुकूल येवो वा प्रतिकूल, तो जसाच्या तसा प्रसिद्ध करावा, असे त्याचे म्हणणे होते.

सभेत क्षणभर शांतता पसरली. मग एका ज्येष्ठांनी हसत म्हटले, "कायले विषाची परीक्षा घेतो बाप्पा!" सारे हसले. विषय 'पुढील सभेत पाहू' या सदरात गेला आणि तेथेच राहिला. पुढील सभेस तो तरुण आला नाही. त्याच्या बाजूने एक शब्दही न बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. प्रस्तुत लेख त्या मौनातून जन्मला आहे.

परंपरा काय सांगते?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे विवेचन आहे. समान विद्या जाणणाऱ्यांनी परस्परांशी केलेली चर्चा ज्ञान वाढविते आणि संशय फेडते, हा त्याचा आशय. संभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार तेथे सांगितले आहेत. एक स्नेहभावाची, दुसरी प्रतिपक्षाला जिंकण्यासाठी केलेली. मात्र दोन्ही प्रकारांत साधन एकच, ते म्हणजे वाणी. प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याच्या नाना युक्त्या आचार्यांनी सांगितल्या. त्याच्यावर हात उगारण्याची युक्ती त्यांत नाही.

सूत्रस्थानातील आत्रेयभद्रकाप्यीय अध्याय आठवावा. रस किती, या प्रश्नावर भद्रकाप्य एक म्हणतो, शाकुन्तेय दोन म्हणतो, वार्योविद सहा म्हणतो, निमि सात, बडिश आठ, आणि कांकायन तर रस अगणित असल्याचे सांगतो. पुनर्वसु आत्रेय सर्वांचे ऐकून घेतात व अखेरीस सहा रसांचा सिद्धान्त कारणांसह मांडतात. कांकायनाला सभेतून कोणी घालवून दिले नाही. त्याचे अमान्य झालेले मतसुद्धा ग्रंथात जपून ठेवले गेले.

वाग्भटांनी तर अष्टांगहृदयाच्या उत्तरतंत्रात शेवटी स्पष्टच विचारले आहे की, तेल वात शमविते, तूप पित्त शमविते, मध कफ शमवितो; मग हे कोणी सांगितले यास महत्त्व काय? केवळ ऋषिप्रणीत म्हणून ग्रंथ वंद्य मानायचा, तर चरक-सुश्रुत सोडून भेलादिकांचेच ग्रंथ का वाचू नयेत, असाही त्यांचा सवाल आहे. वक्त्यापेक्षा वचन तपासावे, हा आपल्या शास्त्राचा जुना दंडक आहे.

पुण्यातील दोन दिवस

या दंडकाचा विसर पडला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने २००३-०४ मध्ये पाहिले. अमेरिकेतील प्राध्यापक जेम्स लेन यांच्या छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकातील काही मजकुराने लोकभावना दुखावल्या. संतापास कारण होते, आणि प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्ये ते पुस्तक भारतातील बाजारातून मागेही घेतले होते. तरीही २२ डिसेंबर २००३ रोजी पुण्यात शिवसैनिकांनी संस्कृतचे विद्वान डॉ. श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडास काळे फासले. ते पुस्तक त्यांनी लिहिलेले नव्हते. लेखकाने ज्यांचे आभार मानले होते, त्यांत त्यांचे नाव होते, एवढाच त्यांचा अपराध.

वैद्यवर्गास कदाचित ठाऊक नसेल की हे बहुलकर आपल्या विषयाचेही अभ्यासक आहेत. अथर्ववेदाच्या परंपरेतील भैषज्यविधींवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने १९९४ साली प्रसिद्ध केला. आयुर्वेदाला अथर्ववेदाचा उपवेद म्हणून आपण प्रत्येक समारंभात मिरवितो. त्या नात्याचा मुळापासून शोध घेणाऱ्या विद्वानाचे तोंड काळे केले गेले, तेव्हा आपल्या किती संघटनांनी निषेधाचे पत्र काढले, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

शिवचरित्राचे व्यासंगी अभ्यासक गजानन भास्कर मेहेंदळे यांचा लेन यांच्या पुस्तकास विरोधच होता. परंतु बहुलकरांवरील हल्ल्याने व्यथित होऊन त्यांनी आपल्याच शिवचरित्राच्या हस्तलिखिताची पाने फाडून टाकली. मताला विरोध करणे निराळे आणि माणसाची विटंबना करणे निराळे, हा भेद यापेक्षा अधिक वेदनेने कोण सांगू शकेल? पुढे शिवसेनेच्या एका नेत्याने बहुलकरांची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली.

पण ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसून कपाटे, ग्रंथ व पोथ्या यांची नासधूस केली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारी ही १९१७ सालची संस्था. तेथील हस्तलिखित-संग्रहात वैद्यकाच्या पोथ्या इतक्या आहेत की त्यांची स्वतंत्र वर्णनात्मक सूची काढावी लागली. तेथील ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनी वैद्यकग्रंथांच्या कालनिर्णयावर आयुष्यभर लेख लिहिले. म्हणजे तो आघात आपल्याही घरावरचा होता.

राज्य शासनाने जानेवारी २००४ मध्ये पुस्तकावर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती रद्द ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. नासधुशीच्या खटल्यातील आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. न्यायालयांनी ग्रंथास मोकळे केले. परंतु अशा प्रसंगांनंतर अभ्यासकाच्या मनात जी भीती वस्तीला येते, तिच्यावर कोणत्याही न्यायालयाचा हुकूम चालत नाही.

आपल्या अंगणातील प्रश्न

दगड हाती घेणारे आपण नव्हे, असे म्हणून सुटका नाही. डिसेंबर २००४ मध्ये रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे त्यात होते. 'हे षड्यंत्र आहे' ही आपल्यातील अनेकांची पहिली प्रतिक्रिया. शोधन, मारण आणि भस्मपरीक्षा यांची दखल त्या अभ्यासकांनी पुरेशी घेतली नाही, हा आक्षेप रास्त होता. पण मग आपल्या बाजूचे पुरावे, आपली मोजमापे कोठे होती? शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची केली. अप्रिय निष्कर्षातूनही शास्त्राचे हित साधते, ते असे.

२०२२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील क्रियाशारीराचे प्राध्यापक डॉ. किशोर पटवर्धन यांनी वैद्यकीय नीतिशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात आपली कबुलीच मांडली. संहितोक्त शरीरक्रियेचे आधुनिक परिभाषेत ओढूनताणून अर्थ लावण्याचे काम आपणही केले, ते चुकले, असा तिचा सूर होता. त्यांच्या मताशी असहमत होण्यास भरपूर जागा आहे. परंतु जो स्वतःची चूक चारचौघांत सांगतो, त्याला शास्त्रद्रोही ठरविणे हे संभाषेचे लक्षण नव्हे.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस याने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्यास सांगितले. सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. त्याचे तोंड कोणी काळे केले नव्हते. सहकाऱ्यांनी केवळ मान फिरविली होती. संशोधकाचा छळ नेहमीच जमावाकडून होतो असे नाही. बढती अडविणे, निबंध परत करणे, सभेत हसणे, एवढ्यानेही काम भागते.

म्हणूनच आमच्या त्या सायंकाळच्या हास्याची आम्हांस अधिक लाज वाटते. चरकांनी आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांनाही परीक्षेत स्थान दिले. परीक्षेचे भय वाटते ते ज्याला आपल्या औषधाची खात्री नसते त्याला.

आम्ही त्या तरुण सहकाऱ्याच्या घरी जाऊन आलो. पुढील सभेत प्रस्ताव पुन्हा येईल, तो आम्ही मांडू. पहिला नमुना आमच्याच कपाटातील बाटलीचा असेल, आणि जो निष्कर्ष येईल तो याच पानांतून प्रसिद्ध व्हावा, अशी संपादक मंडळास आमची विनंती आहे. वाचकांनी त्यावर हवी तितकी विगृह्य संभाषा करावी. तिचे स्वागतच आहे.