शेजारची जागा

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी मोटार चालवायला शिकले, असे सांगितले की बायका कौतुक करतात आणि पुरुषमंडळी "रोज कुठल्या रस्त्याने जाता?" असे काळजीने विचारतात. विचारू देत बापडे! मला स्वतःला ही हौस कधीच नव्हती. एकोणतीस वर्षे आमच्या ह्यांच्या डाव्या हाताला बसून, शेंगा सोलीत आणि मागे बसलेल्या मुलांची भांडणे सोडवीत, मी सुखाने प्रवास केला होता. पण गेल्या वर्षी जानेवारीत ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचे दिसते, पण कडेचे हळूहळू विझत जाते, असा हा आजार. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाच्या थेंबांवर राखायची. "मोटार मात्र आता नको," असे डॉक्टर म्हणाले तेव्हा हे काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेता घेता म्हणाले, "अगं, तू का नाही शिकत?"

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. सगळे त्याला 'लर्निंग' म्हणतात. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार क्रमांकावर ही परीक्षा घरबसल्या देता येते. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरांचा दाखला तेवढा लागतो. मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दिली. संगणकाचा डोळा माझ्यावर रोखलेला, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्यांकडेही मान वळवायची चोरी! शेकडा साठ उत्तरे बरोबर आली की पास. राखणदार नसलेल्या रेल्वे फाटकाशी काय करावे, या प्रश्नाला मी खाली उतरून दोन्ही बाजूंना पाहते असे उत्तर दिले, आणि ते बरोबर निघाले. या परवान्याची मुदत सहा महिन्यांची. पहिले तीस दिवस उलटल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही.

या सहा महिन्यांत मोटारीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा. पाटी अठरा सेंटिमीटर चौरस, अक्षर निदान दहा सेंटिमीटर उंच, असे १९८९ च्या नियमांत मापासकट सांगितले आहे. आमच्या शहरात त्या पाटीचा अर्थ 'हॉर्न वाजवा' असा करतात. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या तयार होतात, शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी. एवढ्या गाड्या ज्या गावात तयार होतात, त्या गावाने नवशिक्यांना थोडे सांभाळून घ्यायला नको का? पण ते असो.

दुसरी अट अशी, की शिकणाऱ्याच्या शेजारी पक्का परवाना असलेला माणूस हवा, आणि तोही प्रसंगी गाडी थांबवू शकेल असा बसलेला. क्लासच्या मोटारीत मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, तोवर चिंता नव्हती. पंधरा दिवसांनी क्लास संपला. मग आमचीच मोटार बाहेर काढली आणि शेजारी हे बसले. त्यांच्या परवान्याची अजून दीड वर्षाची मुदत होती. कागदाला काचबिंदू होत नाही!

पहाटे उठून आम्ही उस्मानपुऱ्यातून निघत असू. क्रांती चौकातून भडकल दरवाज्यापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. हे उजवीकडे बसण्याची सवय मोडली म्हणून अवघडून बसत. पण सूचना देण्यात त्यांना नवा जोम आला होता. "तिसरा टाक." "आरसा बघ." "क्लचवर पाय ठेवून देऊ नको." कित्येक महिन्यांनी ते इतके बोलत होते, म्हणून मीही ऐकून घेत होते.

एके दिवशी मी धीर करून मकाई दरवाज्याकडे वळले. औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास शहराला तटबंदी घातली, त्या काळातला हा दरवाजा. त्याची कमान बांधताना कोणाच्या स्वप्नातही मोटार नव्हती. अंग चोरूनच त्यातून जावे लागते. मी गाडी हळू केली. "डावीकडे मोकळं आहे, चल," हे म्हणाले. मी निघाले, आणि अगदी खिडकीला चिकटून दुधाचे कॅन अडकवलेला एक सायकलवाला मला दिसला. ब्रेक इतक्या जोरात दाबला की गाडी गचका खाऊन बंदच पडली. सायकलवाल्याने चाकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, "ताई, जरा बघून!" म्हणाला आणि निघून गेला.

ह्यांनी तो पाहिलाच नव्हता. त्यांच्या हाताच्या अंतरावर होता, तरी नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी एकही सूचना दिली नाही. गाडी फाटकात शिरली तेव्हा म्हणाले, "उद्यापासून वरच्या मजल्यावरच्या मुलीला बस म्हणावं शेजारी. तिचं लायसन पक्कं आहे." मी म्हटले, "अहो, एकदा चुकलं तर..." तर म्हणाले, "एकदाच चुकतं गं." त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांनाही लागली नसावी. पण ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

ती मुलगी गुणी. तेवीस वर्षांची, कानात काहीतरी घालून बसायची आणि फक्त "काकू, मस्त" एवढेच म्हणायची. तिच्या शेजारी मी गाडी मागे घ्यायला शिकले, मुख्य म्हणजे चढावर थांबून निघायला शिकले. निदान तसे मला वाटत होते. परीक्षेच्या दिवशी चढावर मोटार चांगली हातभर मागे आली. साहेबांनी मान हलवली. नापास! सात दिवसांनी पुन्हा यायचे. तीनदा नापास झाले तर पुढे साठ दिवस थांबायचे. माझ्यापुढे रांगेत उभा असलेला अठरा वर्षांचा पोरगा पास होऊन परत आला आणि हळूच म्हणाला, "आंटी, हँडब्रेक लावा, हाफ क्लचवर गाडी थरथरली की मगच सोडा. घाई नका करू." पंधरा दिवसांच्या क्लासमध्ये हे मला इतके नीट कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या खेपेला गाडी थरथरू दिली. पास झाले. माझ्या वयाच्या माणसांना हल्ली हा परवाना साठीपर्यंतचा मिळतो. थोडक्यात, सरकारने माझ्यावर सात वर्षे विश्वास टाकला. कार्ड टपालाने आले, तेव्हा फोटोत मी घाबरलेली आणि हे मात्र खुषीत.

काचेवरचा लाल 'एल' मी नखाने खरवडून काढला. मग हे अंगणात आले, दार चाचपून उघडले आणि डावीकडच्या जागेवर जाऊन बसले. "आता शेजारी कोण बसतंय हे कोणी विचारणार नाही ना?" म्हणाले. मी म्हटले, "कोणी नाही." तेव्हा त्यांनी पट्टा लावला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही वेरूळला निघालो. दौलताबादच्या पुढे रस्ता जुन्या दरवाज्यातून जातो, तिथे गाड्यांची ही रांग! समोरून एसटी आली आणि मला ऐन चढावर थांबावे लागले. हँडब्रेक ओढला. मागचा मोटारवाला हॉर्न वाजवू लागला. हे निवांत बसले होते, हात मांडीवर. एसटी गेली. मी गाडी थरथरू दिली आणि सोडली. ती इंचभरही मागे आली नाही.

कमानीपलीकडे रस्ता रुंद झाला तसे हे म्हणाले, "माझ्या बाजूला काय आहे?"

"सीताफळवाली बसली आहे. दोन टोपल्या आहेत."

"डोळे उघडलेली आहेत का?"

"दिसताहेत तरी तशी."

"मग घे बाजूला," म्हणाले, "भाव मी करतो."